पिस्ता रंगाचे चार दिवस

गाडीला रॅप करायला किती पडतात, असं लोक मला फोनवर विचारतात आणि आकडा ऐकला की तो पुन्हा एकदा विचारतात. गेल्या हिवाळ्यात मी एका परदेशी स्पोर्ट्स कारचा दर सांगितला, एक लाख ऐंशी हजार. गाडीच्या मालकाने तो पुन्हा विचारला नाही. पुन्हा विचारला तो माझ्या शेजारच्या पंक्चरवाल्या चाचांनी, संध्याकाळी चहा घेताना मी त्यांना सांगितलं तेव्हा.

"रंग लावायचे?" त्यांनी विचारलं.

"रंग नाही. रंगावर फिल्म चढवायची, प्लास्टिकची."

"म्हणजे पोरांच्या वहीला कव्हर घालतात तसं."

"तसंच."

"आणि मग?"

"मुलीचं लग्न आहे त्यांच्या. लग्न झालं की काढायची."

चाचांनी कप बाकड्यावर ठेवला. "भाभी, तेवढ्यात माझ्या दुकानावर स्लॅब येईल. आणि तो मी लग्न झाल्यावर काढणार नाही."

माझं दुकान खोपोलीहून खालापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. पाटीवर रेडियम, नंबरप्लेट, स्टिकर आणि शेवटी कार रॅप असं लिहिलेलं आहे. शेवटचे दोन शब्द नंतर लिहिले, म्हणून ते जरा चेपून बसलेत. वीस वर्षं झाली. टेम्पोच्या मागच्या फळीवर मुलांची नावं, रिक्षाच्या काचेवर देव, साजगावच्या कारखान्यांत 'येथे धूम्रपान करू नये', हे सगळं आमच्या मशीनवर कापलेलं. मग गाड्यांवर पूर्ण फिल्म चढवायची पद्धत इकडे आली आणि नवरा मुंबईला राहून ते शिकून आला. त्याने मला शिकवलं. सात-आठ वर्षं आम्ही दोघांनी मिळून गाड्या केल्या. जास्त करून रिसॉर्टच्या जीपा, दुधाच्या व्हॅन, बिल्डरांच्या मोठ्या गाड्या.

या कामाला दोघं लागतात. दर जास्त का, याचं अर्धं उत्तर त्यातच आहे. फिल्मचा रोल पाच फूट रुंद असतो आणि चांगली फिल्म बाहेरून येते, म्हणून महाग. पण पैसे खरे जातात ते हातांत. आधी गाडी धुवायची, मातीच्या गोळ्यासारखा एक गोळा असतो त्याने रंगावरची कचकच काढायची, स्पिरिटने पुसायची, दारांचे हँडल, आरसे, दिवे उतरवायचे. मग फिल्मचा मागचा कागद सोलायचा. दोन माणसांनी चार कोपरे धरून फिल्म गाडीवर हवेत ताणायची, हळू खाली आणायची, मधून कडेला पट्टीने दाबत न्यायची. वळणावर हीट गनने गरम करायची की ती मऊ होते. एकाने जास्त ओढलं तर रंग फिकट दिसतो, कमी ओढलं तर सुरकुती. फिल्म फिल्मवर चिकटली तर तो तुकडा गेला.

बोलायला वेळ नसतो. आमचे तीनच शब्द होते. धर, ताण, सोड. मी चारचौघांत नवऱ्याला अहो म्हणते. कामात म्हणत नाही. "अहो, जरा सोडता का" म्हणून होईपर्यंत फिल्म चिकटून बसते.

नवरा आता पुण्याला असतो. तिथे गाड्या चकाचक करून देणाऱ्या एका मोठ्या दुकानात त्याला नोकरी मिळाली, पगार नक्की, हाताखाली चार माणसं. गणपतीत येतो. आमचं भांडण झालेलं नाही. भांडण असतं तर लोकांना सांगायला सोपं गेलं असतं. तो म्हणाला तिकडे चल, मी म्हणाले दुकान इथे आहे. तो म्हणाला एकटीला गाडीचं काम व्हायचं नाही, नंबरप्लेटा करशील. मी म्हणाले करीन. जाताना तो एक हीट गन घेऊन गेला आणि दुसरी खिळ्यावर राहिली. कापायचं मशीन पुढेमागे पुण्याला न्यावं असं त्याच्या मनात होतं, कारण त्याला तिकडे स्वतःचं काही सुरू करायचं होतं. मशीन गेलं की दुकानात काउंटर आणि मी, एवढंच उरलं असतं.

दीड वर्ष मी नंबरप्लेटा केल्या. गाडी एकही केली नाही. कोणी विचारलं तर सध्या बंद आहे म्हणून सांगत होते. आणि मग त्या स्पोर्ट्स कारच्या मालकांचा फोन आला.

त्यांचं फार्महाऊस कर्जतला, दहिवलीच्या पुढे, नदीच्या अंगाला. मी स्कूटरवर गेले. गाडी गॅरेजमध्ये होती, पिवळी, इतकी बुटकी की तिचं छप्पर माझ्या कमरेला लागत होतं. मुंबईहून ती ट्रेलरवर घालून आणली होती. गावातल्या गतिरोधकावरून ती स्वतःच्या चाकांवर जाऊच शकत नाही, पोट घासतं. मालक पंचावन्नच्या आसपासचे, पांढरी टोपी घातलेले, साधे बोलणारे. त्यांनी मला एक रिबन दाखवली.

"मुलीच्या घागऱ्याचा हा रंग आहे. फुलांचं डेकोरेशनही याच रंगात. ती मांडवात गाडीतून येणार आहे. पिवळी गाडी त्यात दिसायची नाही म्हणते."

"पिस्ता," मी म्हणाले.

"पिस्ता. मुंबईत साडेतीन लाख सांगितले आणि तीन आठवडे तारीख नाही. इथल्या रिसॉर्टवाल्याने तुमचा नंबर दिला. तुम्ही त्यांच्या जीप केल्या होत्या."

मी गाडीभोवती दोनदा फिरले, हाताने वळणं पाहिली. बाजूला हवा जायला एवढाल्या खोबणी होत्या की कोपरापर्यंत हात जाईल. पुढचं झाकण उघडलं तर आत इंजिन नव्हतं, डिकी होती. मी वहीच्या मागच्या पानावर मापं घेतली. फिल्म वीस मीटर, त्यात एका चुकीपुरती जास्तीची, सुटे भाग काढणं-बसवणं, बंपर दोन, लग्नानंतर उतरवण्याचं काम धरून. एक ऐंशी सांगितले.

"ठीक आहे," ते म्हणाले. त्यांनी घासाघीस केली नाही, म्हणजे मी कमी सांगितले होते. "आणि दिवस किती?"

"चार," मी म्हणाले.

"बुधवारी सुरू केलंत तर शनिवारी संध्याकाळी गाडी तयार. रविवारी लग्न आहे. नक्की ना? नाही झालं तर अर्धी पिवळी अर्धी हिरवी गाडी घेऊन मी काय करू?"

"नक्की."

परतताना पळसदरीच्या चढावर माझ्या लक्षात आलं. आमच्याकडे पैसे मी सांगायचे आणि दिवस तो सांगायचा. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाने दिवस विचारले की मी त्याच्याकडे बघायचे. मोठी गाडी असली की तो म्हणायचा चार. मी त्या गॅरेजमध्ये त्याचा आकडा सांगून आले होते. ते चार दिवस दोन माणसांचे होते. मी स्कूटर बाजूला घेतली. मागून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला, त्याच्या फळीवरची अक्षरं माझीच होती.

फोन करून आठ दिवस म्हणता आलं असतं. पण मग काम गेलं असतं, आणि हे काम गेलं तर पुढचं घ्यायची माझी हिंमत झाली नसती, हे मला माहीत होतं. मशीन मग जानेवारीत पुण्याला गेलं असतं, आणि ते बरोबरच ठरलं असतं.

एकट्या माणसाला फिल्म धरायला चुंबक असतात. छोटे, चपटे, पाठीला रबर. फिल्मचं एक टोक चुंबकाने गाडीला अडकवायचं आणि दुसऱ्या टोकाकडून आपण काम करायचं. आमच्याकडे सोळा होते. त्यांचा उपयोग आम्ही बाजारहाटाची यादी फ्रीजला लावायला जास्त करत होतो. मी ते सगळे गोळा केले, पुसले, डब्यात भरले. त्या संध्याकाळी घरी एकटीचा भात टाकताना मला बरं वाटत होतं. सोळा चुंबक म्हणजे सोळा बोटं, असा मी हिशेब केला होता.

बुधवार धुण्यात, पुसण्यात आणि उतरवण्यात गेला. ते एकटीचंच काम. मालक मुंबईला परत गेले होते, शनिवारी येणार होते. फार्महाऊसवर वॉचमन आणि त्याची बायको असे दोघं, जवळच्या ठाकूरवाडीतले. वॉचमन मांडववाल्यांच्या मागे धावत होता. बायको साधारण माझ्या वयाची, सडपातळ, हातात सदैव झाडू. ती दारातून बघायची आणि जायची. गॅरेजमध्ये पंखा लावायचा नसतो, धूळ उडते. शटर अर्धं खाली. सकाळची थंडी, त्यात दिवसभर आवाज फक्त माझ्या फडक्याचा. दुकानात निदान रस्ता असतो.

गुरुवारी सकाळी मी छप्पर घेतलं. तुकडा कापला, गाडीवर पसरला, एका कडेला चुंबक ठेवला आणि हात काढला. चुंबक घसरत काचेवरून खाली गेला आणि फरशीवर टक्‌ करून पडला. मला वाटलं धूळ असेल. पुसून दुसरा ठेवला. तोही पडला. मी दारावर लावून पाहिला, पुढच्या झाकणावर, मागे. एकही टिकेना. ही गाडी लोखंडाची नव्हतीच. अ‍ॅल्युमिनियम आणि बाकी कसलंसं हलकं. टेम्पो, जीप, रिक्षा, दुधाची व्हॅन, वीस वर्षांत मी जे हाताळलं ते सगळं लोखंड होतं. बंपर प्लास्टिकचे असतात, पण तिथे चुंबक कधी लागलेच नाहीत, तिथे धरायला नवरा असायचा. गाडी लोखंडाची नसेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

कागदी टेप लावून पाहिली. नुसती फिल्म ठेवायला ती चालते, ताण आला की सुटते. तरी मी हट्टाने कागद सोलला. एक कड टेपवर, दुसरी माझ्या दोन्ही हातांत, हात जेवढे जातील तेवढे लांब. फिल्म मधोमध खाली येऊ लागली आणि मी मोठ्याने म्हणाले, "सोड."

गॅरेजमध्ये कोणी नव्हतं. टेप सुटली, पलीकडची कड उडून अलीकडे आली आणि फिल्म फिल्मला चिकटली. ओढून सोडवायला गेले तर दोरी झाली. छपराचा तुकडा गेला, म्हणजे चुकीपुरती घेतलेली जास्तीची फिल्म पहिल्याच तासात संपली. मी तो बोळा कोपऱ्यात टाकला, पाटावर बसले आणि नवऱ्याला फोन लावला.

"चुंबक चिकटत नाहीत," मी म्हणाले.

"कोणती गाडी?"

मी सांगितलं. तो हसला नाही, पण हसण्याआधी जो श्वास घेतात तो मला ऐकू आला.

"अगं, लोखंड कुठे आहे त्यात? दिवस किती बोललीस?"

"चार."

"चार माझे."

"माहितीय."

तो रजेचा हिशेब करू लागला. मागे त्याच्या दुकानातलं पाण्याचं मशीन चालू होतं. "मी उद्या रात्री निघू शकतो. शनिवार अख्खा देतो. एका दिवसात दोघं मिळून अर्धी गाडी ओढू. पण मग हे शेवटचं धर. पुढच्या महिन्यात मशीन इकडे आणू आणि तूही ये. असं अर्धवट किती दिवस चालवायचं?"

त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. तो वाईट माणूस नाही, आणि मला मदत हवी होती. मी म्हणाले, "संध्याकाळी सांगते."

"संध्याकाळी सांग. रजा टाकावी लागते. आणि ऐक, बंपर शेवटी घे. थंडीत फिल्म अडते, आधी नुसती कोमट कर."

"हं."

फोन ठेवल्यावर मी तशीच बसले होते. वॉचमनची बायको शटरखालून वाकून आत आली. तिने कोपऱ्यातला बोळा उचलून पाहिला.

"ह्ये कशापायी टाकलं?"

"चिकटलं. आता उपयोग नाही."

"गाडीला लुगडं नेसवताय का काय?"

"तसंच समज."

"मग एकटी कशी नेसवनार? पलीकडनं कोन नाय का धरायला?"

"नाही."

तिने बोळा खाली ठेवला, हात पदराला पुसले. "ओली गोधडी पिळताना धरत्यात तसंच ना? मी धरू?"

मी तिचे हात पाहिले. खरखरीत होते, बोटाला भेग होती. फिल्मला भेग चालत नाही. पण गोधडीचं तिने म्हटलं ते माझ्या डोक्यात राहिलं. नदीवर ओली गोधडी पिळताना समोरची बाई जेवढं वळवते त्यापेक्षा जास्त आपण वळवलं तर ती पाण्यात जाते. तो अंदाज शिकवून येत नाही.

मजुरी आधी ठरवली. तिने सांगितली, मी थोडी कमी केली, तिने मान हलवली. मग मी तिला माझे सुती हातमोजे दिले आणि नवऱ्याचे मोठे मोजे मी घातले. वाया गेलेल्या तुकड्याच्या न चिकटलेल्या भागावर अर्धा तास सराव केला. धर. ताण. सोड. पहिल्यांदा मी 'सोड' म्हटल्यावर तिने दोन्ही हात एकदम सोडले आणि तुकडा माझ्या तोंडावर आला.

"असं नाय सोडायचं, हळू," मी तिच्यासारखं बोलून गेले.

"तुमी सोड म्हनलात, मी सोडलं. हळू म्हनलात का?"

बरोबर होतं. नवऱ्याबरोबरच्या सात-आठ वर्षांत 'हळू' म्हणायची मला गरज पडली नव्हती. तेवढा एक शब्द वाढवला. तिने एक गोष्ट स्वतःहून केली, तीही सांगायला हवी. ती बाहेर जाऊन बादली घेऊन आली आणि फरशीवर अंगणात घालतात तसा सडा शिंपडला, गाडीपासून हातभर लांब. "धूळ बसंल," म्हणाली. मोठ्या दुकानांत यासाठी मशीन असतं, नवरा सांगतो.

बारा वाजता छप्पर बसलं. एक सुरकुती नाही. आम्ही दोघी त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिलो. पिवळ्या गाडीच्या डोक्यावर पिस्ता रंगाचं छप्पर, आइस्क्रीम ओतल्यासारखं.

संध्याकाळी मी नवऱ्याला फोन केला. "रजा टाकू नकोस."

"कोण आहे धरायला?"

"आहे एक बाई."

"फिल्म धरलीय कधी तिने?"

"गोधडी धरलीय."

"बघ बाई," तो म्हणाला. मग म्हणाला, "बंपर शेवटी घे." ते त्याने सकाळीच सांगितलं होतं.

शुक्रवार आणि शनिवार आम्ही दोघी त्या गॅरेजमध्ये होतो. फार बोललो असं नाही. तिला मी ताई म्हणत होते, ती मला ताई म्हणत होती. एकदा तिने विचारलं, "मालक कुठं असतात तुमचं?"

"पुण्याला."

"येत्यात?"

"गणपतीत."

"बरं हाय मग. माजा चोवीस तास हितंच हाय, गेटावर. जेवाय सुदा गेट सोडत नाय." ती हीट गनची वायर माझ्या पायातून बाजूला करत म्हणाली. "बोलाया मात्र आमाला वेळ नाय घावत. तुमचं फोनवर तरी व्हतं."

दार, दुसरं दार, मागची दोन्ही अंगं. बाजूच्या खोबणीत फिल्म उतरवताना मी आडवी झाले, डोकं चाकाजवळ, आणि ती वरून ताण धरून होती. माझं काम चुकलं तर तिला दिसत होतं, तिचं चुकलं तर मला हाताला कळत होतं. दुपारी ती घरून नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन आली. मी थर्मासमधला चहा आणला होता. सवयीने मी दोन कप घेऊन निघते. दीड वर्ष दुसरा कप तसाच कोरडा परत जात होता.

शनिवारी मालक पाच वाजता आले तेव्हा मी मागचा बंपर गरम करत होते. उजव्या आरशाखाली एक जोड आहे, बोटाएवढा, तिथला तुकडा मी कापताना आखूड पडला म्हणून. तो मी त्यांना आधी दाखवला.

"मला दिसतही नाही," ते म्हणाले.

"तुम्हाला नाही दिसत. पण आहे."

ते गाडीभोवती फिरले, रिबन काढून छपरावर ठेवली. रिबन दिसेनाशी झाली. "दोघींनीच केलं?" त्यांनी विचारलं आणि वॉचमनच्या बायकोकडे असं पाहिलं, जणू ती त्या घरात पाच वर्षं आहे हे त्यांना आत्ताच समजलं. ती बादली उचलून बाहेर गेली.

रविवारी सकाळी मी कडा पुन्हा एकदा तापवून दाबायला गेले होते. मुलगी आली, घागऱ्यात, केसांत अजून पिना, आणि गाडी बघून म्हणाली, "ओके, नाईस." मग तिच्या मैत्रिणीने फोटो काढले. गाडी गॅरेजपासून मांडवापर्यंत जाणार होती. ते अंतर मी नंतर चाचांसाठी पावलांनी मोजलं, ऐंशी भरलं. एका पावलाचे किती पडले, याचा चाचांनी भागाकार करायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिला.

मी लग्नाला थांबले नाही. जेवून जा म्हणाले होते, पण हीट गनची पिशवी घेऊन पंगतीत कुठे बसणार. घरी आले, मोजे धुतले, वाळत घातले. नवऱ्याचा फोन आला.

"झालं?"

"झालं. काल संध्याकाळी."

"हवेचे बबल?"

"नाही. एक जोड आहे आरशाखाली."

"तो मीही दिला असता." मग त्याने विचारलं, "मशीनचं काय करायचं?"

"मशीन इथे लागेल मला."

"बरं," तो म्हणाला. त्याला वाईट वाटलं का सुटल्यासारखं झालं, ते मला ओळखता आलं नाही. पूर्वी तो समोर असताना ओळखू यायचं. त्याने जेवलीस का विचारलं, मी हो म्हणाले, आणि मग उठून खिचडी टाकली.

मंगळवारी फिल्म उतरवायला गेले. उतरवणं सोपं असतं. कोपरा गरम करायचा, नखाने उचलायचा आणि कमी कोनातून ओढत जायचं, पूर्ण दाराची फिल्म एका ओढीत येते. त्याला दुसरं माणूस लागत नाही. चार दिवसांचं काम मी चार तासांत एकटीने काढलं. पिवळी गाडी पुन्हा पिवळी झाली आणि कोपऱ्यात पिस्त्याचा ढीग पडला. मांडवाची फुलंही बाहेर टोपल्यांत तशीच पडली होती, त्यामुळे मला वेगळं काही वाटलं नाही.

निघताना मी वॉचमनच्या बायकोला विचारलं, माझ्याबरोबर कामाला येशील का. रीतसर विचारलं, रोजंदारीवर, महिन्यात जेवढ्या गाड्या येतील तेवढ्या, येण्याजाण्याचा खर्च माझा.

तिने विचार केला. लगेच नाही म्हणाली नाही. "खोपोलीला कोन येनार ताई रोज. हितलं झाडलोट कोन करील? सायब काडून टाकतील. आनि म्हस हाय. गाडी कर्जतला आली तर बोलवा. येईन मी."

"कर्जतला अशा गाड्या कितीशा येणार?"

"त्ये बी हाय."

तेवढ्यात फोन वाजला. लग्नातल्या कोणा पाहुण्याचा होता. गाडी पाहून त्यांनी माझा नंबर घेतला होता. त्यांची गाडी पनवेलला, मोठी, काळी, ती मॅट करायची होती. त्यांनी दर विचारला, मी सांगितला.

"आणि किती दिवस? त्यांचं चार दिवसांत केलंत म्हणे."

"तुमचे आठ लागतील," मी म्हणाले. "माणूस एकच आहे."

"आठ? बघतो, कळवतो," ते म्हणाले.

मी फोन खिशात टाकला. रोलवर अजून दीड मीटर कोरी फिल्म उरली होती. मी तिला विचारलं, घराला कुठे लावायची आहे का. तिने मला गेटामागच्या त्यांच्या खोलीकडे नेलं. दार पत्र्याचं, खालून गंजलेलं, वर जुन्या निवडणुकीच्या पोस्टरचे तुकडे. ते खरवडले, पत्रा पुसला, फिल्म मापाची कापली. मग डब्यातला एक चुंबक काढून सहज दारावर ठेवला. तो घट्ट बसला. दुसरा ठेवला, तोही. लोखंडाचा पत्रा. वरच्या कडेला चार चुंबक लावले आणि फिल्म हात न लावता सरळ लोंबत राहिली. या दाराला मी एकटी पुरेशी होते.

तरीही तिने खालची दोन टोकं उचलून धरली, मोजे न घालता, आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी कागद सोलला. "ताण," म्हणाले. तिने ताणलं, पाहिजे तेवढंच. मी पट्टी मधून कडेला नेली, पुन्हा मधून कडेला, दारावरच्या खिळ्याच्या टेंगळाभोवती हीट गन फिरवली. मग चुंबक काढून डब्यात टाकले.

"सोड," मी म्हणाले. "हळू."